विश्वासणाऱ्याच्या आत भूत असू शकतं का? पाप, आत्मिक वाढ आणि सैतानाला दिलेली जागा

(ज्यांना ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय मी निवडलेला नाही, एका ताईंनी निवडला आहे. त्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. नाव, गाव सांगणार नाही, त्यांच्या परवानगीने फक्त मुद्दा सांगतो. त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या मिस्टरांचा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली. उपासनेला येतात, प्रार्थना करतात. पण दारू पूर्ण सुटली नाही आणि प्यायले की राग आवरत नाही, ताटं फेकतात. प्रार्थनेला येणाऱ्या एकांनी सांगितलं की यांच्यात क्रोधाचा आत्मा आहे. तीन वेळा सुटकेची प्रार्थना झाली. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं असतं, मग पुन्हा तेच. आणि आता नवीनच सुरू झालंय. मी काही बोलले की ते म्हणतात, 'मी नाही केलं, माझ्यातल्या आत्म्याने केलं.' दादा, विश्वासणाऱ्याच्या आत भूत असू शकतं का?"

ते शेवटचं वाक्य ऐकून मी मेसेज थांबवला. भूत असू शकतं का, हा प्रश्न मोठा आहेच. पण "मी नाही केलं" हे वाक्य त्याहून मोठं आहे. ते कुठून आलंय बघा. उत्पत्तीचा तिसरा अध्याय. देव आदामाला विचारतो, तो हव्वेकडे बोट दाखवतो. देव हव्वेला विचारतो, ती सर्पाकडे बोट दाखवते. आता गंमत अशी, की हव्वा खोटं बोलत नव्हती! सर्पाने तिला खरंच फसवलं होतं. तरीही देवाने सर्पाला वेगळा जाब दिला आणि त्या दोघांना वेगळा. सैतानाचा हात होता म्हणून माणसाचा हिशेब माफ झाला नाही.

हे मनात ठेवा. आजचा सगळा भाग याच धाग्यावर आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण सरसकट म्हणतो, "भूत लागलं", "आत्मा धरला". शुभवर्तमानांमध्ये मूळ ग्रीक भाषेत यासाठी जो शब्द येतो, त्याचा साधा अर्थ 'दुरात्म्याच्या प्रभावाखाली असलेला' असा आहे. त्यात 'मालकी' हा अर्थ शब्दातच बसलेला नाही, तो भाषांतरांतून आपल्या मनात आला. त्यामुळे प्रश्न विचारताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक, दुरात्मा विश्वासणाऱ्याचा मालक होऊ शकतो का? दोन, दुरात्मा विश्वासणाऱ्याला त्रास देऊ शकतो का, फसवू शकतो का, त्याच्यावर दबाव आणू शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मंडळीत फारसा वाद नाही. उत्तर 'हो' आहे. पेत्र सैतानाला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा देतो, आणि ते पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री कुणासाठी आहे? विश्वासणाऱ्यांसाठीच. लढाईच नसती तर ढाल कशाला दिली असती?

वाद आहे तो पहिल्या प्रश्नाबद्दल. इथे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगतो.

"नाही" म्हणणारे आणि "थोडं थांबा" म्हणणारे

"नाही" म्हणणाऱ्यांचा आधार पक्का आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय: विश्वासणाऱ्याचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. कलस्सैकरांस पत्र, पहिला अध्याय: आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून पुत्राच्या राज्यात आणलं आहे. योहानाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय: आपल्यामध्ये जो आहे तो जगात असणाऱ्यापेक्षा मोठा आहे. मग एका मंदिरात दोन मालक कसे? आणि हे फक्त भुतांचा विषय टाळणारे लोक म्हणतात असं समजू नका. अमेरिकेतली असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकॉस्टल मंडळी. भुतं काढणं, अन्य भाषा, आरोग्यदान हे सगळं मानणारी. त्यांनी 1972 मध्ये याच प्रश्नावर अधिकृत भूमिका मांडली आणि उत्तर दिलं की नव्याने जन्मलेल्या विश्वासणाऱ्याला भूतबाधा होऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूला मेरिल उंगर यांचं उदाहरण बघा. हे अमेरिकन बायबल पंडित. 1952 साली त्यांनी बायबलमधल्या भूतविद्येवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांचं मत होतं की बाधा विश्वासणाऱ्यांना होत नाही. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या मिशनऱ्यांनी त्यांना आपले अनुभव कळवले, आणि त्यांनी मत बदललं. 1977 च्या पुस्तकात त्यांनी उघड मांडलं की विश्वासणाऱ्यावरही दुरात्म्याचा खोल प्रभाव पडू शकतो. या बाजूचे लोक लूकच्या तेराव्या अध्यायातली स्त्री दाखवतात. अठरा वर्षं वाकलेली, सैतानाने बांधलेली, आणि येशू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. त्यावर पहिली बाजू म्हणते, अब्राहामाची कन्या म्हणजे इस्राएली स्त्री, आणि ही गोष्ट पेंटेकॉस्टच्या आधीची आहे.

रोमन कॅथॉलिक मंडळी तिसऱ्याच पद्धतीने जाते. तिथे बाप्तिस्म्याच्या विधीतच सैतानाचा नकार आणि सुटकेची प्रार्थना असते. पण एखाद्याला बाधा झाली आहे असं मानून करायचा मोठा विधी कुणीही उठून करू शकत नाही. बिशपांची खास परवानगी असलेला धर्मगुरूच तो करतो, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करणं बंधनकारक आहे.

माझं मत विचाराल तर मालकीच्या प्रश्नावर मी "नाही" म्हणणाऱ्यांसोबत आहे. ज्याला ख्रिस्ताने रक्त देऊन विकत घेतलं, त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पण ताई, तुम्हाला आज रात्री उपयोगी पडेल ती गोष्ट या वादाच्या पलीकडे आहे. दोन्ही बाजूंचे जबाबदार शिक्षक एका मुद्द्यावर एकत्र येतात: विश्वासणाऱ्याच्या पापाचा दोष दुरात्म्यावर टाकता येत नाही.

हनन्याला विचारलेले दोन प्रश्न

प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय. हनन्या आणि सफीरा. जमीन विकली, थोडे पैसे ठेवून घेतले आणि सगळे दिले असं दाखवलं. पेत्र हनन्याला विचारतो की सैतानाने तुझं मन का भरवलं. झालं, सापडला दोषी! पण पुढचंच वचन वाचा. पेत्र लगेच विचारतो की हे तू आपल्या मनात का आणलंस. एकाच श्वासात दोन प्रश्न. सैतानाने भरवलं, आणि तू आणलंस. पेत्र सैतानाला हाकलत बसला नाही, त्याने हनन्याला जाब विचारला.

याकोबाचं पत्र, पहिला अध्याय, 14 आणि 15 वचन घ्या. मोह कसा काम करतो? माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भ धरते, पाप जन्मतं, पाप वाढून मरण आणतं. या सगळ्या साखळीत सैतानाचं नावही नाही. तो येतो चौथ्या अध्यायात, आणि तिथे क्रम बघा: आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा.

आणि गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय. पौल यादी देतो. जारकर्म, मूर्तिपूजा, वैर, राग, मत्सर, दारूबाजी. याला तो काय म्हणतो? 'दुरात्मे' नाही म्हणत. 'देहाची कर्मे' म्हणतो. राग आणि दारू, ताईंनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, त्या यादीत आहेत.

हा फरक का महत्त्वाचा? कारण उपाय वेगळा आहे. भूत काढायचं असतं, पण देह वधस्तंभी द्यायचा असतो. देहाला हाकलता येत नाही! शुक्रवारी रात्री हाकलला तर शनिवारी सकाळी तो तुमच्याच अंथरुणात उठतो. म्हणून तो आठवडाभर बरा असतो आणि मग पुन्हा तेच होतं. ज्याला मारायचं त्याला आपण हाकलत बसलो.

मग सैतानाचं काम कुठे आहे?

इफिसकरांस पत्र, चौथा अध्याय, 26 आणि 27 वचन. पौल म्हणतो, राग आला तरी पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत तो संपवा आणि सैतानाला जागा देऊ नका. इथे ग्रीक शब्द आहे 'टोपोस', म्हणजे जागा.

मी आमच्या मंडळीत याचं उदाहरण देतो ते मांजराचं. घर मालकाच्या नावावर आहे, कागद पक्के आहेत. पण रात्री मागचं दार उघडं राहिलं तर मांजर शिरतं आणि दूध पिऊन जातं. म्हणून मांजर घराचं मालक झालं का? नाही. पण दूध गेलं ते गेलंच ना! आणि रोज दार उघडं राहिलं तर मांजर रोज येईल, त्याला सवय लागेल. आता तुम्ही मांजराला कितीही हाकला, दार उघडंच ठेवलं तर काय उपयोग?

राग हे दार आहे, सैतान नव्हे. राग धरून झोपणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. क्षमा न करणं, लपवून ठेवलेलं पाप, गुपचूप चालू असलेली गंडे-दोरे आणि तोडग्यांची जुनी सवय, ही सगळी दारं आहेत. इफिसमध्ये काय झालं आठवतं? कृत्ये, एकोणिसावा अध्याय. ज्यांनी विश्वास ठेवला होता तेच लोक पुढे आले, आपली कृत्यं कबूल केली, आणि जादूची पुस्तकं सर्वांसमोर जाळली. किंमत पन्नास हजार चांदीची नाणी. विकून पैसे केले नाहीत, जाळली. म्हणजे दार बंद केलं, कडी घातली.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा संन्यासी होता. 399 साली वारला. त्याने माणसाला सतावणाऱ्या आठ विचारांची यादी केली, खादाडपणापासून गर्वापर्यंत. पुढे यातूनच पश्चिमेकडे 'सात प्रमुख पापं' ही यादी तयार झाली. एवाग्रियस भुतांवर पक्का विश्वास ठेवणारा. हे विचार दुरात्मे सुचवतात असं तो मानायचा. तरीही त्याचं शिकवणं असं, की विचार येणं आपल्या हातात नाही, पण ते मनात रेंगाळतील की नाही हे आपल्या हातात आहे.

सहा वर्षं झाली, अजून का बदल नाही?

ताईंच्या मेसेजमधला हा दुखरा भाग. बाप्तिस्मा झाला, मग जुना माणूस गेला कुठे?

इथे दोन शब्द नीट धरा. नीतिमान ठरवलं जाणं आणि पवित्रीकरण. पहिलं एका क्षणात होतं, विश्वासाने, आणि त्यात आपलं काही कर्तृत्व नाही. दुसरं आयुष्यभर चालतं, आणि त्यात आपल्याला रोज चालावं लागतं. मार्टिन ल्यूथर म्हणायचे की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही आहे आणि पापीही. जॉन वेस्ली यांचा भर वेगळा होता. देवाची कृपा माणसाला याच जीवनात प्रेमात परिपूर्ण करू शकते, असं ते शिकवत. दोघांमध्ये फरक आहे, पण वाढ थांबलेली चालेल असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विद्वान बाई, वेदशास्त्रं जाणणारी. पण आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः सापडायचा राहिला होता. आठ वर्षं! पुढे 1905 साली केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं. त्याची सुरुवात कशाने झाली? प्रार्थनेने, आणि मुलींनी रडत रडत आपापली पापं कबूल करण्याने. 'माझ्यातल्या आत्म्याने केलं' असं नव्हे. 'मी केलं.'

आत्मिक वाढीची पहिली खूण हीच. पाप कमी होण्याच्याही आधी पाप आपलं वाटू लागतं. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायात क्षमेचं वचन कुणाला आहे? पाप कबूल करणाऱ्याला. जो म्हणतो मी केलंच नाही, त्याला क्षमा मागायला तोंडच उरत नाही. म्हणून "भूत होतं" ही सबब दिलासा देणारी वाटते, पण ती माणसाला क्षमेपासूनच दूर ठेवते.

आता एक गंभीर गोष्ट

मत्तय, चौथा अध्याय, 24 वचन. लोक येशूकडे कुणाकुणाला आणतात? रोगी, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती. वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणजे त्या काळीही सगळा आजार भुतामुळे असं मानलेलं नाही. त्याच मत्तयात, सतराव्या अध्यायात, फेफरे येणाऱ्या एका मुलातून येशू भूत काढतो, हेही खरं. याचा अर्थ वरवरचं लक्षण बघून निदान करू नये.

आता नीट ऐका. रोज भरपूर दारू पिणारा माणूस अचानक बंद करतो, तेव्हा दोन-तीन दिवसांनी त्याला कंप सुटतो, घाम येतो, भिंतीवर किडे-माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, तो बरळतो. त्याच्या प्रार्थनेच्या तिसऱ्या दिवशी हे झालं तर घरचे म्हणतील, भूत बाहेर यायला लागलं! नाही हो. हा दारू तुटल्याचा आजार आहे, यात जीव जाऊ शकतो, आणि यावर दवाखान्यात उपचार आहेत. ताबडतोब न्या. रात्री झोपेत छातीवर कुणी बसलंय आणि हलता येत नाही, हा अनुभवही कित्येक निरोगी माणसांना येतो. त्याला निद्रापक्षघात म्हणतात. आणि फेफऱ्याची गोळी "विश्वासाने" बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोळी अचानक थांबवली की झटके वाढतात.

प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

आणि मारहाण? कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे भूत काढण्याच्या नावाखाली केलं तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. मांत्रिकाने केलं काय आणि बायबल हातात घेऊन केलं काय. येशूने कधी कुणाला मारून भूत काढलेलं नाही. त्याने शब्द बोलला.

तर ताई, काय करायचं?

पहिलं, तुमची आणि मुलांची सुरक्षितता. ताटाच्या जागी हात उचलला गेला तर "प्रार्थना करत सहन करा" असं मी सांगणार नाही. विश्वासातल्या माणसांकडे जा, गरज पडली तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. पत्नीने मार खावा हे पवित्रीकरण नव्हे.

दुसरं, दारूसाठी उपचार. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. मन खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं नाही.

तिसरं, दादांसाठी. दादा, तुम्ही ऐकत असाल तर प्रेमाने सांगतो. पुढच्या वेळी ताट फेकलं गेलं तर सकाळी उठून तीन शब्द बोला: "मी फेकलं ते." मग क्षमा मागा, देवाची आणि बायकोचीही. मग दार बंद करा. ज्या मित्राबरोबर बसता तो रस्ता बदला, पगार ताईंच्या हातात द्या, मंडळीतला एक पुरुष निवडा ज्याला आठवड्यातून एकदा खरं सांगाल. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू रिकाम्या घराची गोष्ट सांगतो. झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. गेलेला आत्मा आणखी सात घेऊन परत येतो. घर नुसतं झाडून चालत नाही, त्यात कुणीतरी राहायला हवं. वचन, प्रार्थना, प्रभुभोजन, संगती, यांनी ते भरायचं.

आणि चौथं, जे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करतात त्यांच्यासाठी. सैतानाला धमकवायला आपल्याला आवडतं, आवाज चढतो. पण सत्तर शिष्य आनंदाने परत आले, भुतंही आमच्या अधीन होतात म्हणाले, तेव्हा येशूने त्यांना वेगळाच आनंद शिकवला: तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा. समोरच्या भावाला आधी तेच सांगा. तू भुताचं घर नाहीस, तुझं नाव तिथे लिहिलंय, आता त्या नावाला शोभेल असं ऊठ आणि चाल.

चला, प्रार्थना करूया.

प्रभू, आमची पापं आमचीच आहेत, ती आम्ही तुझ्यापुढे आणतो. आम्ही जी दारं उघडी ठेवली ती दाखव, आणि ती बंद करायला बळ दे. या ताईंच्या घराचं रक्षण कर. दादांना खरं बोलायचं धैर्य दे आणि योग्य मदतीपर्यंत पोचव. येशूच्या नावात मागतो, आमेन.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात बोलू: क्षमा केली तरी विश्वास पुन्हा बसायला वेळ का लागतो? तोपर्यंत, जय ख्रिस्त.